वासावरून मीठ

विश्वासराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. त्यांच्याबद्दल मुद्दाम काही लिहावं असा हा माणूस नाही, आणि लिहायचंच झालं तर ते मी लिहावं असंही नाही; मला साधं पोस्टकार्डसुद्धा आधी कच्चं खरडल्याशिवाय जमत नाही. पण दाजींबद्दल बोलणारे सगळे त्यांचं कौतुकच करतात, आणि ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणून हे.

दाजींची ख्याती एकाच गोष्टीची. आमटीत मीठ किती पडलंय ते त्यांना न चाखता, नुसत्या वासावरून कळतं. म्हणजे असं ते म्हणतात, आणि मग सगळी भाऊकी तसंच म्हणते.

आमची भाऊकी बेंगळूरची जुनी. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज घोड्यावरून इकडे आले असं प्रत्येक घरात सांगतात. इतके घोडे कुठून आले असतील कोण जाणे. मला वाटतं बरेचसे पायीच आले असावेत. ते काही असो, घोडे गेले आणि खंडोबा राहिला. चंपाषष्ठीला सगळी भाऊकी बसवनगुडीत दाजींच्या घरी जमते, कारण देवाचे टाक त्यांच्या घरी आहेत. त्या दिवशी वांग्याचं भरीत, रोडगे, भात आणि आमटी. ही आमटी साधी नव्हे. डिसेंबरात बाजारात नवे अवरे येतात, म्हणजे आपले पावटे. आदल्या संध्याकाळी ते भिजवून, एकेक दाणा चिमटीत दाबून सालीबाहेर काढायचा. तूरडाळ हळद आणि तेलाचा थेंब घालून मागच्या अंगणातल्या चुलीवर मऊ शिजवायची, घोटायची, तिच्यात हे सोललेले अवरे सोडायचे. मग धणे, सुक्या मिरच्या आणि भाजलेलं खोबरं वाटून घातलेला मसाला, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. वरून हिंग-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. थंडीत तिचा वाटीभर रस्सा प्यायला की छाती ऊबदार होते. एवढंच जेवलं तरी दुसरं काही लागत नाही.

या सगळ्यातलं दाजी काय करतात? मीठ घालतात.

ते त्यांनाच का घालावं लागतं, ते सांगतो. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत पातेल्यातला थेंबही जिभेला लावायचा नाही, असा नियम आहे. सगळ्याच घरांत असतो. इतर घरांतल्या बायका मीठ अंदाजाने घालतात आणि नैवेद्य झाल्यावर चाखून कमीजास्त करून घेतात, त्याचा गाजावाजा होत नाही. आमच्या दाजींनी मात्र त्याची विद्या केली.

ती अशी झाली. दाजी चौघा भावांत धाकटे. थोरला वकील, दुसरा पोलिसात, तिसऱ्याचा लाकडाचा धंदा. दाजी एका सरकारी कारखान्यात स्टोअर्सला लागले. तिथेही ते बोल्टांची पिशवी हातावर तोलून आतला माल किती ते सांगायचे आणि तसंच लिहून द्यायचे. मग तपासणी झाली, मालाचा मेळ काही बसेना, आणि त्यांची बदली कारखान्याच्या फाटकावर झाली. त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला भावांनी त्यांना जेवताना सोलून काढलं. "विश्वासा, हा रोडगा हातात धर आणि सांग बघू, किती तोळे?" लोक हसले. मीही हसलो असेन.

पुढच्या वर्षी अक्काच्या सासूबाई अंथरुणाला होत्या, आणि अक्का भरताच्या गडबडीत होती. दाजी चुलीपाशी गेले, पातेल्यावर वाकले, नाक ओढलं आणि खडेमीठ टाकलं. आमटी नेमकी जमली. अपघात दुसऱ्यांना रस्त्यावर होतात, दाजींना चुलीपाशी झाला. पंगतीतले एक म्हातारे चुलते म्हणाले, "विश्वासाला वासावरून कळतं वाटतं." ती थट्टा होती. दाजींनी ती थट्टा म्हणून घेतलीच नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा वास घेतला, आणि आमटीचं मिठागर झालं. नैवेद्य झाल्यावर ते लक्षात आलं, आणि अक्काने घाईघाईने पाणी ओतून पंगत निभावून नेली.

तेव्हापासून अक्काचा उद्योग सुरू झाला. ती आदल्या दिवशीच थोडी डाळ वेगळी, अळणी शिजवून झाकून ठेवायला लागली. नैवेद्याचं पान देवापुढे गेलं की बाहेर तळी भरतात. पुरुषमंडळी भंडारा उधळत, ताम्हन उचलत, येळकोट येळकोट करत बसतात, आणि दाजींचा आवाज सगळ्यांत वर असतो. तेवढ्या वेळात ती पातेलं दुरुस्त करायची. खारट असेल तर अळणी डाळ, कमी असेल तर मीठ. तिला त्या दिवशी पंगती उठेपर्यंत उपास, म्हणून चाखायला मला धरलं. मला तशीही बाहेरच्या गर्दीत उभं राहायला नको वाटतं. मी चमचा तोंडाला लावून कानडीत "स्वल्प", म्हणजे अजून थोडं, म्हणायचो, की ती आणखी एक पळी घालायची. "सरी", म्हणजे ठीक, म्हटलं की झाकण ठेवायची. मग पंगत बसायची आणि जो तो दाजींच्या नाकाची तारीफ करायचा. दाजी आमटी वाढत पंगतीतून फिरायचे, आणि बोटाने नाकपुडीला हलकेच स्पर्श करायचे. मला त्या बोटाचा फार राग यायचा.

म्हणजे ते पहिलं वर्ष सोडलं तर दाजींच्या हातची खरी आमटी या घरात फक्त देवाने खाल्ली. आणि नैवेद्याचं पान आमच्याकडे गाईला घालतात, तेव्हा देवानंतर गल्लीतल्या गाईने. दोघांनीही तक्रार केली नाही.

"सांगून टाक ना एकदा," मी अक्काला अधूनमधून म्हणत असे.

"काय सांगू?"

"की त्यांना काही कळत नाही."

"ते सगळ्यांना माहीत आहे, भगवंता," ती माझं नाव घेऊन म्हणे. "फाटकावर उभं केलं तेव्हाच समजलं की सगळ्यांना. एवढी एक गोष्ट आहे त्या माणसाकडे. ती काढून घेतली तर घरात रोज कोणाचं तोंड बघायचं? मलाच बघायचंय."

माझ्या मनात येई की मी असतो तर तीही काढून घेतली असती.

१९९६ च्या सुमारास दाजी निवृत्त झाले. निवृत्त माणसाने देवळात जावं, लालबागेत फिरावं. दाजी मराठी मंडळात जायला लागले. मंडळात हल्ली पुण्या-मुंबईकडून नोकरीला आलेले लोक पुष्कळ, त्यांची मराठी निराळी आणि आमची निराळी. आम्ही "बसून घ्या" म्हटलं की ते एकमेकांकडे बघतात. त्यांतले एक चंद्रकांतराव, हेब्बाळकडच्या सरकारी वसाहतीत राहणारे, कुठल्याशा संशोधन संस्थेत इंजिनियर. हुशार माणूस, पण आपण हुशार आहोत हे समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत त्यांना चैन पडत नसे. दाजींनी त्यांच्यासमोर नाकाची गोष्ट काढली.

"काका, मिठाला वास नसतो," चंद्रकांतराव म्हणाले. "बेसिक केमिस्ट्री आहे ही."

"तुमच्या मिठाला नसेल," दाजी म्हणाले.

"मीठ सगळीकडे एकच."

"मग या की चंपाषष्ठीला. जेवायलाच या, बाईंना घेऊन."

"येतो. पण एक अट. आमच्याकडे नैवेद्याचं ताट घरातलंच कोणीतरी जेवतं, टाकत नाहीत. ते ताट मला द्यायचं. देवासमोर ठेवलेली आमटी, अनटच्ड. मग बघू."

दाजींना वाटलं हा मोठाच मान आहे. गाईचं पान पाहुण्याला कबूल करून ते घरी आले.

चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी अक्का आणि मी परातीशी बसून अवरे दाबत होतो, तेव्हा त्यांनी ही बातमी दिली. "उद्या नैवेद्याचं पान चंद्रकांतरावांना वाढायचं. सगळ्यांच्या समोर, मधोमध पाट मांडा." एवढं सांगून ते बाजारात झेंडू आणायला गेले.

अक्काच्या चिमटीतला दाणा तिथेच राहिला.

"आता कळेल," मी म्हणालो.

"तुला बरं वाटतंय."

"मला कशाला बरं वाटेल."

"तुझा चेहरा दिसतो मला." तिने दाणा परातीत टाकला. "साठ माणसं असणार. तिघे भाऊ असणार. त्यांच्यासमोर तो पुण्याचा माणूस तोंड वाकडं करणार. मग ते काय करतील? उरलेलं आयुष्य गच्चीवर बसून काढतील. मला ठाऊक आहे. फाटकावर घातलं तेव्हा आठवडाभर गच्चीवरून खाली आले नव्हते, जेवण वर न्यावं लागत होतं."

"मग उद्या नैवेद्याच्या आधी चाखू. मी चाखतो."

"देवाला उष्टं दाखवू?"

तिने ते इतक्या शांतपणे विचारलं की मी पुन्हा अवऱ्यांकडे वळलो. देवाला खारट चालत होतं, उष्टं चालत नव्हतं. तो तिचा आणि देवाचा हिशेब, त्यात मी पडलो नाही.

थोड्या वेळाने तिला तोड सापडली. डाळीत, मसाल्यात कुठेच मीठ घालायचं नाही. पातेल्याला जेवढं लागतं तेवढंच खडेमीठ बरणीत ठेवायचं, बाकीचं कपाटात कुलूपबंद. दाजी हात सैल सोडणार हे ठरलेलंच. मग त्यांनी सगळी बरणी ओतली तरी बरोबर तेवढंच पडेल. मला ही युक्ती फार आवडली, आणि आवडली म्हणून वाईटही वाटलं. दाजी पुन्हा एकदा सुटणार होते.

दुसऱ्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं, अगदी मीठ घालेपर्यंत. चंद्रकांतराव चुलीजवळ खुर्ची टाकून बसले होते. भाऊकी अंगणात गोळा झाली होती. दाजींनी सोवळं नेसलं होतं. झाकण काढलं, पातेल्यावर वाकले, डोळे मिटले, नाक ओढलं. वकील भाऊ बाजूच्याला म्हणाला, "बघ आता," जणू नाक त्याचंच होतं. दाजींनी बरणी घेतली आणि मूठ-मूठ करत सगळी रिकामी केली. अक्काने माझ्याकडे पाहिलं. काम झालं होतं. तिने झाकण उचललं.

"थांब," दाजी म्हणाले. ते पुन्हा वाकले. समोर इंजिनियर बसलेला, एकदा वास घेऊन मागे सरणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. "अजून मागतेय."

"मीठ संपलं," अक्का म्हणाली.

"चंपाषष्ठीच्या दिवशी मीठ संपलं?"

"संपलं. तेवढं पुरे."

"पुरे की नाही हे तू सांगणार?"

तेवढ्यात चंद्रकांतरावांच्या बाई, नयनाबाई, स्वयंपाकघरातून धावत आल्या. आल्यापासून त्या मदत करायला धडपडत होत्या आणि त्यांना कोणी काही करू देत नव्हतं. त्यांच्या हातात मिठाचं पाकीट होतं. "काकू, हे काय, ताकासाठी ठेवलं होतं ना, फडताळात मागे. तुमच्या लक्षात नाही आलं."

"केवढं बरं झालं," अक्का म्हणाली.

दाजींनी पाकीट घेतलं. बारीक मीठ, त्याचा त्यांना अंदाज असण्याचं कारण नाही. अंदाज त्यांना जाड्या मिठाचाही नव्हता. एक मूठ टाकली, वास घेतला. दुसरी टाकली, वास घेतला. मग समाधानाने मान हलवली आणि बोट नाकपुडीला लावलं.

नैवेद्य गेला. बाहेर तळी सुरू झाली. पातेलं स्वयंपाकघरात आणल्यावर अक्काने मला चमचा दिला. मी चाखलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. ती माझ्या तोंडाकडे बघून समजली. अळणी डाळ सवयीने याही वर्षी ठेवलेली होतीच. ती सगळी ओतली, वर गरम पाणी, चिंच, गूळ. पातेलं ताळ्यावर आलं. साठ माणसांची सोय झाली. देवापुढच्या वाटीचं काय करायचं ते आम्हा दोघांनाही सुचेना. देवघर माणसांनी भरलं होतं, आणि तिथे जाऊन वाटी बदलण्याचं धाडस माझ्याच्याने व्हायचं नव्हतं, हे अक्काला ठाऊक असल्यामुळे तिने विचारलंही नाही.

पंगत बसली. मधोमध चंद्रकांतराव, पुढ्यात देवाचं पान. सगळ्यांना आमटी वाढून झाली होती, तरी कोणी घास घेत नव्हतं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

चंद्रकांतरावांनी वाटी उचलली आणि चांगला मोठा घोट घेतला. तो त्यांनी गिळला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग पाणी प्यायले. ग्लास रिकामा केला.

"मीठ आहे," ते म्हणाले. "निश्चित आहे. त्याबद्दल वाद नाही."

पंगतीच्या टोकाला कोणीतरी हसलं. पोलिसातला भाऊ म्हणाला, "काय झालं? जास्त आहे?" त्याने आपल्या पानातली आमटी भुरकली. "छे, बरोबर तर आहे."

"मग ही घ्या," चंद्रकांतराव म्हणाले, आणि वाटी पुढे केली.

ती दाजींनी घेतली. पाहुण्याची उष्टी वाटी तोंडाला लावली आणि संपवली. मग भावाच्या पानाकडे वाकले, बोट बुडवलं, चाटलं. अक्काने डोळे मिटून घेतले. मी, खरं सांगायचं तर, उघडे ठेवले. या क्षणाची वाट मी बघत होतो.

"रत्ना," दाजी अक्काला म्हणाले, "या आमटीत पाणी कोणी घातलं?"

"मी."

"का?"

"खारट झाली होती." तिचा आवाज खाली गेला होता. "दरवर्षी घालते. तुम्ही तळी भरायला बसलात की."

दाजी रिकाम्या वाटीकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. मी तसा उजळलेला चेहरा पूर्वी पाहिलेला नाही, लग्नातही नाही.

"म्हणून," ते म्हणाले. "म्हणून मला वाटायचं, चुलीवर वास इतका जोरदार, आणि पानात आली की मिळमिळीत. मी म्हणायचो देव ओढून घेत असेल." ते चंद्रकांतरावांकडे वळले. "बघितलंत साहेब? एवढी वर्षं माझी आमटी या लोकांनी खाल्लीच नाही. आज पहिल्यांदा तुम्ही खाल्लीत."

"हो," चंद्रकांतराव म्हणाले. "लक्षात राहील."

"मीठ असं पाहिजे. जिभेला कळलं पाहिजे, की आहे." आणि ते आत गेले, पाकिटातलं उरलेलं मीठ पातेल्यात झाडलं, ढवळलं, आणि बादली भरून परत आले. ज्याच्या त्याच्या पानात नव्याने वाढली. मला वाटलं, आता तरी कोणी बोलेल. वकील भाऊ न्यायालयात तावातावाने बोलतो म्हणतात. त्याने एक घोट घेतला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "हां, आता जमली." त्याच्यामागे सगळी पंगत. आता खरी चव आली, म्हणाले. पाण्याचे तांबे आतून बाहेर, बाहेरून आत सारखे फिरत होते, आणि लोक मान डोलवत होते. यांच्या पूर्वजांना घोड्यावर कोणी बसवलं असेल असं मला तेव्हापासून अजिबात वाटत नाही.

अक्का दारातच होती. एवढी वर्षं तिने जपलेलं भांडं हातातून पडलं होतं, आणि त्याला पोचाही आला नव्हता. मला वाटलं ती रडेल, किंवा हसेल. तिने पदर खोचला, बाहेर आली आणि नयनाबाईंच्या शेजारी रिकाम्या पाटावर बसली. घरची सून पहिल्या पंगतीला बसण्याची आमच्यात रीत नाही. उपासही सुटला नव्हता.

"भगवंता, पान मांड मला."

मी मांडलं. दाजी बादली घेऊन वाढत वाढत तिच्यापर्यंत आले. पळी भरली. अक्काने तळहात पानावर आडवा धरला.

"मला तूप-भात वाढा."

"आमटी घे की. आज खरी आहे."

"तूप-भात."

दाजींनी पळी बादलीत रिकामी केली आणि ते पुढे सरकले. तूप-भात मी वाढला.

जेवणं झाल्यावर मागच्या नळावर हात धुताना दाजींनी मला गाठलं. "भगवंता, तू काही बोलला नाहीस. कशी झाली होती?"

आयुष्यभर मी या माणसाला तोंडावर काही बोललेलो नाही. पाण्याचा आवाज होता, जवळ कोणी नव्हतं. मी म्हणालो, "खारट."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुला सर्दी झालीय," ते म्हणाले. "डिसेंबरात तुला होतेच." आणि ओल्या हाताने माझ्या पाठीवर थोपटून आत गेले.

पुढल्या वर्षी चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी अक्का थोरल्या लेकीकडे, अंजलीकडे, आनेकलला निघाली. अंजलीला बरं नाही असं तिने घरात सांगितलं. अंजली ठणठणीत होती. मी अक्काला बसपर्यंत पोचवायला गेलो. बस सुटेपर्यंत तिने सगळं सांगून घेतलं: डाळ निवडलेली आहे, मसाला वाटून डब्यात आहे, अवरे सोलून ठेवलेत, ते ओल्या फडक्यात ठेव.

"आणि अळणी डाळ?" मी विचारलं.

"ती नाही केली."

"मग मीठ?"

बस हलली. अक्काने खिडकीची काच वर केली आणि पिशवी मांडीवर नीट घेतली.

"मीठ ते बघतील," ती म्हणाली.